अर्जदार, तक्रारदार, फिर्यादी

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा मोजतो, सत्याग्रह मोजतो, मोर्चे मोजतो. अर्ज कोणी मोजत नाही. महाडचे तळे १९२७ सालचे आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. पण आम्हाला पलटणीत घ्या, पोलिसात घ्या, गिरणीच्या साचेखात्यात घ्या, घेतल्यावर माणसासारखे वागवा, असे कागदावर लिहून सरकारदरबारी जाणाऱ्यांची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती परंपरा आपल्या लेखनात तळटीप म्हणून येते.

याचे कारण उघड आहे. अर्ज म्हटला की वाकलेली पाठ आठवते. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' अशी सुरुवात आणि 'आपला आज्ञाधारक' असा शेवट. विद्रोहाच्या पिढीला ही भाषा नकोशी वाटली तर नवल नाही. पण कागदाच्या वरच्या आणि खालच्या ओळींवरून मधल्या मजकुराची किंमत करू नये.

मी पेशाने शिक्षक. नोकरीत भेदभाव झाला म्हणून तक्रार लिहून मागायला तरुण अधूनमधून माझ्याकडे येतात. कोणी कार्यालयात शिपाई, कोणी कनिष्ठ लिपिक, कोणी संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक. प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, अर्ज करून काय होतं?" या प्रश्नाला घाईने 'होतं' म्हणणे खोटे आणि 'काही होत नाही' म्हणणे त्याहून खोटे. म्हणून उत्तर इतिहासात शोधायचे ठरवले.

१

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अस्पृश्यांना सन्मानाची म्हणता येईल अशी नोकरी एकच होती : लष्कराची. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. पलटणीत शाळा होती, पेन्शन होते, आणि मुख्य म्हणजे गावकीच्या बाहेर पडण्याची वाट होती. १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत सरकारने 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत उचलून धरला आणि ही वाट बंद केली. वरवर पाहता तो केवळ लष्करी धोरणाचा बदल होता. त्याचा अर्थ मात्र असा, की माणसाची कामगिरी कितीही चांगली असो, जन्म पाहूनच त्याला दारातून परत पाठवायचे.

या अन्यायाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी उचलली. महाडजवळच्या रावढूळचे हे गृहस्थ स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले होते. १८९४ साली त्यांनी महारांच्या लष्करभरतीसाठी अर्ज तयार केला. त्या अर्जाचा युक्तिवाद पूर्वजांच्या पराक्रमाचा आणि राजनिष्ठेचा आहे. आम्हीही लढवय्ये होतो, सरकारचे मीठ खाल्ले आणि त्याला जागलो, मग आमच्यावरच अविश्वास का, असा त्याचा सूर. आज हा सूर आपल्याला बोचतो. राजनिष्ठेची साक्ष काढून नोकरी मागावी लागणे ही लाचारीच. पण ज्याच्या हाती कायद्याचे एकही कलम नाही, त्याने दुसरा कोणता पुरावा द्यायचा होता? हक्काचा कागद नव्हता म्हणून त्यांनी कामगिरीचा कागद पुढे केला.

पुढचे पाऊल पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी टाकले. १९०३ च्या नोव्हेंबरात त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि मुंबई सरकारकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. कांबळे थांबले नाहीत. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. १९१० साली जेजुरीच्या परिषदेनंतर दख्खनच्या महारांच्या वतीने अर्ज गेला तो थेट विलायतेला, भारतमंत्र्याकडे. सरकारी खात्यांतील खालच्या दर्जाच्या जागा, पोलिसातील शिपाईगिरी आणि लष्करात प्रवेश, एवढेच मागणे होते.

मागणे लहान होते, पण अर्जाची रीत पाहा. एकट्या माणसाची विनवणी तिथे उरली नाही. आधी सभा, सभेत ठराव, ठरावाखाली सह्या आणि मग अर्ज. मुंबईने नाकारला म्हणून लंडनला. एका कचेरीने नाकारले की त्या कचेरीच्या वरची कचेरी शोधायची, हा धडा या माणसाने घालून दिला. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. म्हणजे सरकारला गरज होती तेव्हा अर्ज मान्य, गरज संपली की रद्द. कृपेने मिळालेली नोकरी कृपा संपताच जाते, हा या अर्जांचा कडू निष्कर्ष. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागेही पुन्हा एक महायुद्ध होते. फरक एवढाच की तोवर मागणी करणारा समाज संघटित झाला होता.

२

नोकरीचे दार उघडले म्हणजे प्रश्न सुटतो, असे या पहिल्या पिढीला वाटत होते. दुसऱ्या पिढीने दाराच्या आत काय असते ते पाहिले.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस कचेरीत बसला की शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. फायलींची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. राहायला जागा मिळेना म्हणून ते नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत उतरले होते. सरकारी बंगला मिळावा असा अर्ज त्यांनी केला होता. दिवाणांना तो तातडीचा वाटला नाही. अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. आठवडाभराची मुदत द्या, तोवर अर्जाचा निकाल लागेल, अशी विनंतीही करून झाली. संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम मिळाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा नाकारला. उरलेले काही तास सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

अर्ज कोणी नामंजूर केला नव्हता. तो फक्त फिरत होता. या देशात दलिताचा अर्ज मारण्याची ही सर्वांत सभ्य पद्धत आहे. नकाराचा शेरा मारला तर त्याला कारण द्यावे लागते, त्याखाली सही करावी लागते, उद्या त्याच्यावर दाद मागता येते. फिरणाऱ्या कागदाखाली कोणाचीच सही नसते.

त्याच टिपणात दुसरी एक हकीकत आहे. ती एका तरुणाने ६ मार्च १९३८ रोजी मुंबईत दादरच्या कासारवाडीत भरलेल्या भंगी समाजाच्या सभेत सांगितली. इंदुलाल याज्ञिक त्या सभेचे अध्यक्ष होते. हा तरुण व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला. १९३६ च्या फेब्रुवारीत खेडा जिल्ह्यातील बोरसद तालुक्याच्या मामलेदार कचेरीत तो तलाठी म्हणून नेमला गेला. कारकुनाने पहिल्याच दिवशी त्याला लांब उभे केले. पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्यापुरते एक गंजके भांडे ठेवले होते. पाणक्या वरून पाणी ओतील तेव्हा प्यायचे, पाणक्या नसेल तर तहानलेले राहायचे. पुढे त्याला एका गावी कामावर पाठवले. तिथल्या चावडीत तो खुर्चीवर बसला. थोड्याच वेळात वीसेक माणसांचा जमाव आला, आणि त्याचा म्होरक्या कोण, तर गावचा ग्रंथपाल. खुर्ची काढून घेतली. तो जमिनीवर बसला तरी जमाव हलेना. धारदार शस्त्राने तुकडे करण्याची धमकी दिली. तेव्हा या तरुणाने काय केले? त्याने कागद घेतला आणि मामलेदाराच्या नावे अर्ज लिहिला : आज माझ्यावर मृत्यू येत आहे, आईवडिलांचे ऐकले असते तर ही वेळ आली नसती, माझ्या मृत्यूची खबर त्यांना द्यावी. ग्रंथपालाने तो वाचला आणि फाडायला लावला. त्याने तो फाडला. पुढे नोकरी सोडून तो मुंबईला आईवडिलांकडे परत आला.

भारतातल्या कामाच्या ठिकाणच्या भेदभावाची तक्रार कशी असते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने या फाटलेल्या कागदापासून सुरुवात करावी. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, मरणाच्या दारातही या माणसाचा विश्वास कागदावर होता. दुसरी, तो कागद ज्याने फाडायला लावला तो अडाणी नव्हता. पुस्तके सांभाळणारा, गावात वाचनाचा मक्ता असलेला माणूस होता तो. शिक्षणाने जात जाते, असे म्हणणाऱ्यांनी त्याला विसरू नये. आणि तिसरी, कागद फाटला तरी तक्रार मेली नाही. दोन वर्षांनी दादरच्या सभेत ती तोंडाने सांगितली गेली आणि बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली. ते टिपण १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले आणि आज जगभरच्या विद्यापीठांतून वाचले जाते. सभा नसती तर तो कागद कायमचा फाटलेलाच राहिला असता.

३

आतापर्यंतच्या तक्रारी सरकारविरुद्ध, फार तर वरिष्ठांविरुद्ध. पण शेजारी उभा राहून काम करणाराच शिवाशिव पाळत असेल तर तक्रार कोणाकडे करायची? गिरणगावाने हा प्रश्न उभा केला.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारांनी होते, पण साचेखात्यात त्यांना मज्जाव होता. कारण म्हणून जे सांगत ते असे : कांडीवरचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागतो, अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावायचे? पगार जास्त तो साचेखात्यात. म्हणजे विटाळाचा थेट हिशेब पगाराच्या पाकिटात होत होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा सवाल ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी तुमच्या यादीत नसेल, तर अस्पृश्य कामगारांनी तुमच्या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घातली. चौकशी समितीसमोर विषय निघाला तेव्हा मालकांनी उपहासाने विचारले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही कसे जबाबदार?

मालकाचे हे उत्तर लबाडीचे होते, कारण कोणत्या खात्यात कोणाला घ्यायचे ते गिरणीच ठरवत होती. पण त्यात एक सत्यही होते, आणि ते कामगार चळवळीच्या वर्मी लागणारे होते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्यातला पहिला शत्रू कामगाराच्या मनातही घर करून आहे, हा त्यांचा मुद्दा होता. रेल्वेत अस्पृश्य गँगमन म्हणून जन्मभर रूळ ठोकतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची असतात आणि त्या घरात त्याचा शिरकाव नाही. एका बढतीच्या नकारामागे एका स्वयंपाकघराचा सोवळेपणा उभा आहे, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मांडले नव्हते.

येथे तक्रारीचे स्वरूप पालटले. 'मला घ्या' असे म्हणणारा अर्जदार मागे पडला आणि 'मला का घेत नाही याचे कारण सांगा' असे म्हणणारा तक्रारदार पुढे आला.

४

यापुढचा टप्पा तक्रारीला कायद्याचे अधिष्ठान देण्याचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे विस्तृत निवेदन सादर केले. सरकारी नोकऱ्यांत आपली माणसे किती, याचा जाब त्यात होता. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९४६ साली ते प्रमाण १२.५ टक्के झाले. वलंगकरांच्या अर्जापासून इथवर यायला अर्धशतक लागले.

१९४६ सालच्याच आणखी एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी. अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यही त्या वाटेचा विचार करीत आहेत, असे त्या पत्रात म्हटले होते. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. 'मानवी हक्कांची तक्रार' हे आज आपण उसना शब्द म्हणून वापरतो. पण मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली येण्याच्या दोन वर्षे आधी आपला माणूस त्या दारावर जाऊन आला होता.

१९४७ च्या मार्चमध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि अल्पसंख्याकांच्या गाऱ्हाण्यांवर लक्ष ठेवून कायदेमंडळाला दरवर्षी अहवाल देणारा स्वतंत्र अधिकारी सुचवला. १९५० च्या घटनेत कलम १६ ने सरकारी नोकरीत जातीवरून भेदभावाला बंदी केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम ३३८ ने अनुसूचित जाती व जमातींसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ल. म. श्रीकांत हे त्या पदावरचे पहिले आयुक्त.

आता कागदाच्या शेवटी 'आज्ञाधारक' लिहिण्याचे कारण उरले नव्हते. तिथे 'नागरिक' लिहिता येत होते.

५

पण हक्क कागदावर आला म्हणजे कागद पुढे सरकतोच असे नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ साली त्याला मिळालेले नागरी हक्क संरक्षण कायद्याचे नाव आणि त्यात कोणत्याही नोकरीतील मज्जावाचा झालेला स्पष्ट उल्लेख, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, त्याची २०१५ ची दुरुस्ती, ही वाढती मालिका आपण अभिमानाने सांगतो. प्रत्येक नवा कायदा हा जुना कायदा अपुरा पडल्याचा कबुलीजबाबही असतो, हे मात्र सांगत नाही.

संस्थांचेही तसेच. १९९० च्या ६५ व्या घटनादुरुस्तीने एकट्या अधिकाऱ्याच्या जागी राष्ट्रीय आयोग आला. २००३ च्या ८९ व्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा आयोग वेगळा झाला. त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. एका बँकेतील दलित कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात आयोगाने बढत्या थांबवण्याचे कळवले, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे अधिकार चौकशीपुरते आहेत, मनाई हुकूम काढण्याचे नाहीत. आयोग विचारू शकतो, रोखू शकत नाही.

१९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला आणि २००१ साली महाराष्ट्राचा राज्य आयोग. तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, राष्ट्रीय आयोगाकडेही मराठीत लिहिलेली तक्रार चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत ती केली पाहिजे. पण राष्ट्रीय आयोगाच्या १९९४ च्या कार्यपद्धतीत एक ओळ आहे : नोकरीविषयक बाबींच्या तक्रारी सर्वसाधारणपणे घेतल्या जाणार नाहीत. बढती, बदली, वेतनवाढ ही 'सेवाविषयक बाब' झाली. जातिवाचक अपमान हा 'मानवी हक्काचा प्रश्न' झाला. आता आपल्या तरुणाचा अनुभव पाहा. त्याचा अपमान होतो तो बदलीच्या हुकमातून. त्याला शिवी दिली जाते ती गोपनीय अहवालाच्या रकान्यात. जात ही कचेरीत कधी जातीच्या नावाने येत नाही, ती 'कार्यक्षमता साधारण' असा शेरा होऊन येते. म्हणून तक्रारीत नुसती अडलेली बढती लिहिली तर कागद सेवाविषयक ठरून परत येतो. नुसता अपमान लिहिला तर पुरावा मागतात. दोहोंचा सांधा तारीखवार दाखवावा लागतो : अमुक दिवशी हे बोलले गेले, तमुक दिवशी हा शेरा आला.

पुराव्याची दुसरी अडचण कायद्याच्या शब्दांत आहे. अत्याचार कायद्यात जातिवाचक अपमान गुन्हा ठरतो तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला तर. कचेरीतला साहेब हे जाणतो. तो केबिनचे दार लावून घेतो. बोरसदचा जमाव चावडीत उघड आला होता. आजचा जमाव एकट्या माणसाचा असतो आणि तो हळू आवाजात बोलतो.

खाजगी नोकरीत तर घटनेचे कलम १६ पोहोचतच नाही. तिथे कलम १७ आणि त्याखालचे फौजदारी कायदे एवढाच आधार. कामावर घेताना, बढती देताना जात पाहिली तर दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा आपल्याकडे अजून नाही. परदेशात मात्र प्रश्न वेगळ्या दाराने आला आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने २०२० साली एका मोठ्या कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याचा दावा लावला, आणि २०२३ साली सिअॅटल शहराने भेदभावाच्या निषिद्ध कारणांत जातीचा समावेश केला. जात समुद्र ओलांडून गेली, आणि तिच्यामागून तक्रारही गेली.

६

आता आपल्या दाराशी घडलेली एक गोष्ट. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र संस्थेत भांडारपालाचे काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने २००६ साली कराड पोलिसात फिर्याद दिली. खटला भरायला वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागते असे तपास अधिकाऱ्याने धरले. ती परवानगी २०११ साली नाकारली गेली. मग परवानगी नाकारणाऱ्या संचालकाविरुद्धही २०१६ साली फिर्याद झाली. शेऱ्यांतले खरेखोटे ठरवण्याचा हा लेख नाही. पण या एका कचेरीतल्या कागदाने पुढे काय घडवले ते पाहा.

ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली आणि साऱ्या देशासाठी निर्देश दिले : गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल, आणि सरकारी नोकराला अटक करायची तर त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी हवी. म्हणजे ज्या कचेरीविरुद्ध तक्रार, परवानगी त्याच कचेरीच्या साहेबाची. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद पाळला गेला, त्यात अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून हे निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच फेरविचारात ते मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले.

गोपनीय अहवालातल्या शेऱ्यापासून संसदेपर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांचा आहे. वलंगकरांच्या वेळी अर्ज नाकारला गेला की विषय संपत असे. २०१८ साली निकाल लागला तरी विषय संपला नाही, कारण फिर्यादीमागे रस्त्यावर उतरलेला समाज होता. १९०३ च्या सासवडच्या सभेचा धडा एकशेपंधरा वर्षांनी पुन्हा गिरवला गेला.

७

तेव्हा 'अर्ज करून काय होतं?' या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे.

अर्ज केल्याने लगेच न्याय मिळतोच असे नाही. बहुधा मिळत नाही. होते ते एवढे, की अन्यायाला तारीख मिळते. ज्या अन्यायाला तारीख नाही तो साहेबाच्या लेखी घडलेलाच नसतो. आवक क्रमांक आणि पोच यांना आपली मुले क्षुल्लक समजतात. बडोद्याचा फिरता कागद आणि बोरसदचा फाटलेला कागद आठवा. पोच म्हणजे कागद फिरला किंवा फाटला तरी तो होता याचा दाखला. २००५ च्या माहिती अधिकाराने साहेबाच्या कपाटाची किल्ली काही प्रमाणात आपल्या हाती आली आहे. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली, शेरे यांच्या प्रती मागा, आणि मग लिहायला बसा.

दुसरे, एकट्याने केलेला अर्ज हा साहेबाच्या दृष्टीने एका माणसाचा स्वभावदोष असतो. दहा जणांनी केलेला अर्ज हा कचेरीचा दोष होतो. सफाई कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा राज्या-राज्यांची सरकारे आमच्याकडे हाताने मैला उचलण्याची प्रथाच नाही अशी प्रतिज्ञापत्रे देत होती. कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून पुरावे गोळा करून ती खोटी पाडली. २०१४ साली निकाल लागला आणि गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश झाला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. माणसे आजही गटारात मरतात. तरीही मेलेला माणूस हिशेबात आला, हा त्या कागदाचा विजय आहे.

आणि तिसरे, आपल्या संघटनांना सांगायचे आहे. कर्मचारी संघटना बढत्यांच्या यादीसाठी जितक्या तत्पर असतात, तितक्या खालच्या शिपायाच्या, कंत्राटी सफाई कामगाराच्या, बिनसहीच्या हजेरीवर राबणाऱ्या बाईच्या तक्रारीसाठी असतात काय? १९२८ साली बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना जे विचारले, ते आज आपल्यालाही विचारले पाहिजे. आपल्या मागण्यांच्या यादीत सर्वांत खालच्या खात्यातला माणूस आहे काय?

परवा असाच एक तरुण तक्रार लिहून घ्यायला आला. मी मजकूर सांगितला, त्याने लिहिला. शेवटी सवयीने 'आपला आज्ञाधारक' लिहू लागला. मी त्याला थांबवले नाही. त्याचे त्यानेच पेन थांबवले, ओळ खोडली, आणि नुसते नाव लिहून खाली सही केली. मग म्हणाला, "सर, याच्या दोन प्रती करू. एकीवर पोच घेतो."